वाहन-ते-वाहन संदेशवहनातील प्रक्षेपणशक्ती

अपघात टाळण्यासाठी रस्त्यावरच्या गाड्या आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती रेडिओवरून एकमेकींना कळवतात. हे संदेश अँटेनातून जितक्या जोराने बाहेर पडतात, ती प्रक्षेपणशक्ती. अमेरिका आणि युरोपात यासाठी ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. शक्ती डीबीएममध्ये मोजतात: २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, २३ म्हणजे २००, आणि युरोपातील कमाल मर्यादा ३३ डीबीएम म्हणजे २ वॉट. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते.

शक्ती वाढवली की सुरक्षितता वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. मोकळ्या जागेत ३०० मीटरवर या लहरींची सुमारे ९७ डेसिबल घट होते. म्हणजे २० डीबीएमने सोडलेला सिग्नल साध्या अँटेनावर उणे ७७ डीबीएमला पोहोचतो. गाड्यांसाठीच्या वायफायसारख्या ८०२.११पी मानकानुसार सेकंदाला ६ मेगाबिट वेगाचा संदेश उणे ८२ डीबीएमपर्यंत वाचता यायलाच हवा. चांगले संच याहूनही क्षीण सिग्नल वाचतात. हातात उरतात ५ डेसिबल, आणि मध्ये एक ट्रक आला तर १० ते २० डेसिबल जातात. या घटीत रस्त्यावरून परावर्तित होणारी लहर भर घालते. दोन्ही अँटेना दीड मीटर उंचीवर असतील तर साधारण १८० मीटरच्या पुढे थेट लहर आणि परावर्तित लहर एकमेकींना मारू लागतात. त्याआधी अंतर दुप्पट करायला चौपट शक्ती पुरते; त्यानंतर सोळापट लागते.

आता गरज किती, ते पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी, चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद धरला तर, कोरड्या रस्त्यावर साधारण १०० मीटरमध्ये थांबते. समोरून येणारी गाडी किंवा ओला रस्ता धरून ३०० मीटरचा पल्ला पुरेसा ठरतो. त्यापलीकडे पोहोचणारा संदेश बहुतेकांच्या कामाचा नसतो, पण सर्वांचा सामाईक रेडिओमार्ग, म्हणजे चॅनेल, मात्र अडवतो.

खरी अडचण गर्दीत येते. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिटने पाठवायला सुमारे ०.४५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १० संदेश धरले तर एक गाडी चॅनेलचा ०.४५ टक्के वेळ घेते. एकमेकींच्या पल्ल्यात २०० गाड्या असल्या की ९० टक्के वेळ संपला. सलग कोंडलेल्या महामार्गावर पल्ला दुप्पट केला की त्यात येणाऱ्या गाड्याही दुपटीच्या आसपास जातात. शिवाय हे संदेश सर्वांसाठी प्रसारित असल्याने पोच मिळत नाही, पुन्हा पाठवणेही होत नाही. एकमेकींना ऐकू न येणाऱ्या दोन गाड्यांनी एकाच वेळी संदेश सोडले, तर मधल्या गाडीपाशी दोन्ही बिघडतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून शक्ती स्थिर ठेवत नाहीत. एसएई या अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२९४५/१ मानकात आधी संदेशांची संख्या कमी होते: १०० मीटर परिसरात २५ हून अधिक गाड्या झाल्या की दोन संदेशांतील अंतर १०० मिलिसेकंदांवरून ६०० पर्यंत वाढत जाते. चॅनेल ५० टक्क्यांहून अधिक व्यग्र झाले की शक्ती २० डीबीएमवरून उतरू लागते आणि ८० टक्क्यांना १० डीबीएमवर येते. जोरात ब्रेक लागल्यासारख्या तातडीच्या संदेशाला मात्र ही कपात लागू नाही. नियम सर्वांनी सारखा पाळला तरच तो चालतो. एकाच गाडीने आवाज उतरवला तर शेजारच्यांच्या गोंगाटात ती हरवते. मोबाइल तंत्रावर आधारित सी-व्ही२एक्समध्ये, जिथे २३ डीबीएम ही नेहमीची कमाल आहे, आणखी एक गोष्ट घडते: एकाच वेळी शेजारच्या उपचॅनेलवर बोलणारी जवळची गाडी दूरच्या गाडीचा क्षीण संदेश झाकून टाकते.

बसवतानाच्या चुका कागदावरची शक्ती खाऊन टाकतात. या पट्ट्यात रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी पातळ कोअ‍ॅक्स केबल मीटरमागे २ डेसिबलहून अधिक गिळते, म्हणजे ३ मीटर केबलने अँटेनापाशी पाव किंवा त्याहूनही कमी शक्ती उरते. त्यामुळे मोजमाप रेडिओच्या टोकाला नव्हे, अँटेनाच्या टोकाला करावे आणि केबलची घट धरूनच सेटिंग ठरवावे. अँटेना डॅशबोर्डखाली लपवू नये. छतावर मध्यभागी बसवलेली उत्तम. मागच्या टोकाला असेल तर छताच्या उतारामुळे पुढची बाजू अशक्त होते. काचेच्या छतावर खाली धातूचा पत्रा नसल्याने लहरी पसरण्याचे प्रारूप बदलते, म्हणून चारही दिशांनी वेगळी चाचणी घ्यावी.

जागेनुसारही शक्ती बदलावी लागते. युरोपातील टोलयंत्रणा ५.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारी, चालते; म्हणून टोलनाक्याजवळ गाड्यांनी १० डीबीएमवर उतरणे हा तिथला एक मान्य उपाय आहे. आपल्याकडचा फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर असल्याने त्याच्याशी असा शेजारसंघर्ष नाही. जपानने तर ७६० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरात आणला: तेवढ्याच अंतरावर घट सुमारे १८ डेसिबलने कमी होते आणि लहर इमारतीच्या कोपऱ्यावरून अधिक सहज वळते. ५.९ गिगाहर्ट्झवर आंधळ्या चौकात कोपऱ्याआड पोहोचण्याचे काम निव्वळ शक्ती वाढवून साधत नाही. तिथे चौकाच्या खांबावरचे रस्त्याकडेचे संच संदेश पुढे पाठवतात.