गोल्फच्या चेंडूने काच फुटली, तर भरपाई कोणाची?

‘गोल्फ मैदानाशेजारी घर घेतलं, गाडी लावली, की धोका आपलाच’ हा फॉरवर्ड जुना आहे. कुंपणावर तशी पाटीही असते, म्हणून तो पटतो. पण पाटी लागू झालीच, तर फार तर आत खेळायला येणाऱ्याला. रस्त्यावरून जाणाऱ्याने काहीच कबूल केलेलं नसतं.

इंग्लंडमधल्या 1922 च्या खटल्यात चेंडूने टॅक्सीची काच फुटून चालकाचा डोळा गेला होता. त्या रस्त्यावर चेंडू वारंवार येत, म्हणून क्लब जबाबदार ठरला. आपली न्यायालयंही अशा दाव्यांत याच तत्त्वांचा आधार घेतात. खेळाडूचा निष्काळजीपणा मात्र वेगळा सिद्ध करावा लागतो. नुसता फटका चुकणं पुरत नाही.

तेव्हा आधी पाहा: याआधी चेंडू किती वेळा बाहेर आले, जाळी आहे का? प्रत्येक चेंडूचा तारखेसह फोटो ठेवा.