गाठीतल्या चरबीची साक्ष

माझ्या एका मावसभावाने मूतखड्याच्या संशयावरून पोटाचा साधा सीटी स्कॅन करून घेतला. खडा सापडला नाही; मात्र अहवालाच्या शेवटच्या ओळीत डाव्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत 18 मिलिमीटरची गाठ असल्याची नोंद होती, आणि त्या एका ओळीने घरातल्या सर्वांची झोप उडाली. गाठ म्हणजे कर्करोग हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की अहवालात त्याच ओळीत लिहिलेला दुसरा आकडा, गाठीच्या सीटीवरील घनतेचे माप, कोणी वाचलाच नाही. त्या भीतीचे उत्तर खरे तर त्या आकड्यात होते.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अशा रीतीने सापडणाऱ्या गाठीला 'इन्सिडेंटलोमा' म्हणतात. उतारवयात त्या मुळीच दुर्मीळ नाहीत आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. उलट, या ग्रंथीत मूळ धरणारा कर्करोग दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दोघांनाच होतो. प्रश्न एवढाच उरतो, की सुई न टोचता निरुपद्रवी गाठ ओळखायची कशी?

त्यासाठी या ग्रंथीचा स्वभाव पाहावा लागतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींचे वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम असते. त्यांच्या बाह्य थरातील पेशी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड संप्रेरके बनवतात आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात स्वतःमध्ये साठवून ठेवतात. या पेशींपासून वाढलेल्या सौम्य गाठीतही, म्हणजे ॲडिनोमातही, हा साठा बहुधा टिकून राहतो. अन्य अवयवांतून पसरून आलेल्या कर्करोगाच्या पेशींजवळ तो सहसा नसतो. त्यामुळे गाठीत चरबी आहे की नाही, या प्रश्नावर निदानाचा बराचसा डोलारा उभा आहे.

पहिले उत्तर सीटी देतो. 1971 साली लंडनमध्ये ज्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना 1979 साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरण किती अडवले जातात याच्या मापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे: पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी उणे 100च्या आसपास, आणि बहुतेक मऊ ऊती 30 ते 50 एकके. आता 35 एककांच्या ऊतीत पाचवा हिस्सा चरबी मिसळली असे समजा. सरासरी येते 8. कॉन्ट्रास्टचे औषध न देता काढलेल्या स्कॅनमध्ये एकजिनसी गाठीचे माप 10 किंवा त्याहून कमी आले, तर ती सौम्य मानली जाते आणि 2023च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिचा आकार कितीही असला तरी पुढे स्कॅन करण्याची गरज नसते.

परंतु सुमारे तीस टक्के ॲडिनोमांमध्ये चरबी इतकी थोडी असते की माप 10च्या वर जाते. अशा वेळी उपयोगी पडणारी एमआरआयची एक युक्ती मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. एमआरआय शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संकेत ऐकतो. 1.5 टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) ताकदीच्या चुंबकात ही केंद्रे सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख गिरक्या घेतात. पाण्यातील ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढतो, त्यामुळे तिथला हायड्रोजन काहीसा उघडा पडतो. चरबीत तो कार्बनला जोडलेला असतो आणि इलेक्ट्रॉनांचे पांघरूण त्याच्यावर अधिक दाट राहते. परिणामी चरबीतील हायड्रोजनला चुंबकीय क्षेत्र किंचित क्षीण जाणवते आणि तो दर दहा लाख गिरक्यांमागे सुमारे साडेतीन गिरक्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 220 गिरक्या, मागे पडतो.

घड्याळाचे काटे आठवा. बारा वाजता दोन्ही काटे एका दिशेला असतात, सहा वाजता नेमके विरुद्ध. पाण्याचा काटा वेगवान आणि चरबीचा मंद असल्याने सुमारे 2.3 मिलिसेकंदांनी ते परस्परविरुद्ध येतात आणि 4.6 मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. या दोन्ही क्षणी चित्रे घेतली, की जुळलेल्या क्षणी पाणी आणि चरबीच्या संकेतांची बेरीज होते, तर विरुद्ध क्षणी वजाबाकी. ज्या ठिपक्यात पाणी आणि चरबी दोन्ही आहेत, तो ठिपका दुसऱ्या चित्रात काळवंडतो. ॲडिनोमाच्या प्रत्येक पेशीत दोन्ही एकत्र नांदत असल्याने संपूर्ण गाठ झाकोळते, आणि शेजारची प्लीहा मात्र होती तशीच राहते. गंमत अशी, की जवळजवळ निव्वळ चरबीचा भाग काळवंडत नाही, कारण तिथे वजा करायला पाणीच नसते. काळी रेघ उमटते ती फक्त त्याच्या कडेला, जिथे एकाच ठिपक्यात चरबी आणि पाणीयुक्त ऊती दोन्ही येतात.

ही साक्ष निर्दोष मात्र नाही. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या काही कर्करोगांतही पेशींत चरबी असते, म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास पाहावाच लागतो. शिवाय गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके बनवणारी, असेल, तर सुई टोचताच ॲड्रिनलिनचा लोंढा येऊन रक्तदाब प्राणघातक पातळीवर जाऊ शकतो. त्यामुळे 10पेक्षा अधिक माप असलेल्या गाठीत आधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रिनलिनपासून बनणारा पदार्थ, तपासतात. भारतात क्षयाचाही विचार करावा लागतो: दोन्ही ग्रंथी एकदम सुजल्या असतील, तर कर्करोगाच्या बरोबरीने क्षयाची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. 1855 साली थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी वर्णन केलेल्या, या ग्रंथी निकामी होण्याच्या रोगामागेही त्या काळी बहुतांशी क्षयच असे.

समाजमाध्यमांवर मात्र याच ग्रंथींच्या नावाने 'ॲड्रिनल फटीग' (ग्रंथींचा थकवा) नावाचा आजार आणि त्यावरच्या पुड्या विकल्या जातात. असा आजार कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेला नाही. गुंतागुंतीच्या ग्रंथीला ग्राहक मिळवायला सोपे नाव पुरते.

आणि मावसभावाच्या गाठीचे माप होते 3. स्कॅन पुन्हा करायचा नव्हता. पण ती गाठ गुपचूप कॉर्टिसॉल बनवते आहे का हे कोणतेही चित्र सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी रात्री अकरा वाजता घ्यायची डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची, निरोगी ग्रंथीचे कॉर्टिसॉल दाबणारी, एक गोळी दिली आणि सकाळी आठ वाजता रक्त द्यायला बोलावले.