चिखलाने आखलेला रेल्वेमार्ग

हाम्बुर्गजवळच्या एल्म्सहोर्नहून निघून उत्तर समुद्राच्या कडेकडेने झिल्ट बेटापर्यंत जाणाऱ्या रेल्वेचं नाव 'मार्शबान'. 'बान' म्हणजे रेल्वे, आणि 'मार्श' म्हणजे भरतीने आणून टाकलेल्या गाळाची, बांध घालून राखलेली सखल जमीन. कोकणातल्या खाजणाची ही लांबची बहीणच.

गाळाच्या जमिनीवर रूळ टाकणं अवघड का, हे आधी समजून घेऊ. ही चिकणमाती पाण्याने भरलेली असते. तिच्यावर भराव टाकला की सुरुवातीला वाढीव भार मातीचे कण पेलत नाहीत, मधलं पाणी पेलतं. मातीतली छिद्रं इतकी बारीक असतात, की ते पाणी निसटायला वर्षं लागतात, आणि ते निघेपर्यंत माती घट्ट होत नाही. घाईने उंच भराव केला, तर खालचा चिखल बाजूंना फुगतो आणि भराव खचतो. मार्शबानचा इतिहास वाचताना हा चिखल मला पानोपानी भेटतो.

एल्म्सहोर्न ते ग्ल्युकश्टाट हा पहिला तुकडा 1845 साली सुरू झाला. तेव्हा हा होल्श्टाइन प्रांत डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. 1857 मध्ये गाडी इत्सेहोला पोचली आणि तिथेच अडली. पुढे श्ट्योर नदी ओलांडून हाइडं गाठायला 1878 साल उजाडलं. 1887 पर्यंत मार्ग उत्तरेला टोंडर्नला भिडला.

1895 मध्ये बाल्टिक आणि उत्तर समुद्र जोडणारा कालवा खुला झाला. तो रेल्वेला आडवा जात होता, म्हणून तिथे फिरता पूल बसवला. पुढे कालवा रुंद झाला आणि मोठ्या जहाजांसाठी पाण्यापासून 42 मीटर उंच पूल हवा झाला. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी, त्यामुळे गाडीला चढ अगदी सौम्य लागतो आणि पुलाकडे जाणारा उंच भराव लांबच लांब होतो. तेवढं ओझं गाळाला पेलवणारं नव्हतं. अखेर रूळच पूर्वेकडे, वाळूच्या टणक उंचवट्याकडे सरकवले गेले आणि 1920 मध्ये होखडोनचा दोन किलोमीटरहून लांब पूल वाहतुकीला खुला झाला.

त्याच वर्षी सार्वमताने टोंडर्न आणि झिल्टला जाणाऱ्या बोटींचा धक्का डेन्मार्ककडे गेला. जर्मन बेटावर पोचायला परक्या देशातून जावं लागू लागलं. महायुद्धाआधीपासून रखडलेला समुद्रातल्या बांधाचा बेत आता निकडीचा झाला. 1923 मध्ये काम सुरू झालं, आणि ऑगस्टअखेरच्या उधाणाने तोवर घातलेलं सगळं धुऊन नेलं. इंजिनिअरांनी आखणी बदलली आणि पुन्हा उभे राहिले. त्यांच्या या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं. 30 लाखांहून अधिक घनमीटर वाळू आणि माती ओतली, वर दगडांचं चिलखत चढवलं. 1 जून 1927 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग पहिल्या गाडीतून बेटावर उतरले आणि सुमारे 11 किलोमीटरच्या या बांधाला त्यांचंच नाव मिळालं. याच हिंडेनबुर्ग यांनी 1933 साली हिटलरला चान्सलर नेमलं, त्यामुळे ते नाव आज अनेकांना खुपतं, आणि ते योग्यच आहे.

बांधावर मोटाररस्ता नाही. झिल्टला जाणाऱ्या मोटारी नीब्युलला आगगाडीवर चढवतात, आणि लोक आपल्याच गाडीत बसून दोन्हीकडचा समुद्र पाहत पलीकडे जातात.

बांधाने भरतीच्या पाण्याची आरपार वाट बंद केली. पाणी संथावलं, की त्यात तरंगणारा गाळ तळाशी बसतो. मुख्य भूमीच्या बाजूला वर्षानुवर्षं असा गाळ साचत गेला, त्याला 1954 मध्ये नवा बांध घातला गेला. पूर्वी जिथे रुळांच्या दक्षिणेला भरतीचं पाणी चढायचं, तिथे आता शेती होते.