उत्तन नेमकं कुठलं? धारावी बेटामागची गोष्ट

भाईंदर वेस्टवरून बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडतात, मिठागरं दिसतात, मग डोंगरी येतं आणि पुढे वाऱ्यावर सुक्या बोंबलाचा वास आला की समजायचं उत्तन आलं. बसवर पाटी एकच असते, उत्तन. पण आतल्या माणसाला विचारलं तर तो पातान बंदर सांगेल, भाटे बंदर सांगेल, नवी खाडी, पाली नाहीतर चौक सांगेल. उत्तन हे एक गाव आधी होतं आणि मग वाढलं असं झालेलं नाही. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या बंदरांना आणि कोळीवाड्यांना मिळून हे नाव कागदावर पडत गेलं.

आता धारावी. हा घोळ आधी निस्तरायला पाहिजे, कारण मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेबद्दल वाचताना कोणीतरी हमखास विचारतं की मराठे सायन-माहीमच्या धारावीत कशाला गेले. गेलेच नव्हते. वसई खाडीच्या दक्षिणेला, मनोरी खाडीपर्यंत जो डोंगराळ पट्टा आहे त्याला धारावी बेट म्हणतात, तारोडीला धारावी देवीचं देऊळ आजही आहे आणि चौकच्या टेकडीवरचा तो धारावी किल्ला. तिथून खाडीचं तोंड दिसतं, समोर वसई, म्हणजे तिथे तोफा चढवल्या की वसईच्या किल्ल्याला समुद्रातून येणारी रसद धोक्यात. म्हणून त्या टेकडीसाठी एवढी मारामारी झाली आणि १७३९ मध्ये वसईच्या आधी धारावी पडली. सायनजवळच्या धारावीतला काळा किल्ला इंग्रजांनी १७३७ मध्ये बांधलेला. साल जवळजवळ तेच आणि नावही तेच, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळतात आणि एकाने चुकीचं लिहिलं की बाकीचे तेच उतरवून घेतात.

पोर्तुगीज त्याच्या दोनशे वर्षं आधीचे. १५३४च्या तहाने वसई आणि साष्टी (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहेत ते बेट) त्यांच्याकडे गेली, किनाऱ्यावरचे बरेच कोळी ख्रिस्ती झाले, चर्च उभी राहिली. धर्म बदलला तरी धंदा, होडी आणि बोली तीच राहिली, म्हणून इथली कोळीण गळ्यात क्रॉस घालून अस्सल मराठीत भाव करते आणि पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचं उगाच नवल वाटतं. इंग्रज १७७४ मध्ये साष्टीत आले. पुढची पावणेदोनशे वर्षं एका वाक्यात संपवतो, कारण आजचे सगळे वाद त्यानंतरचे आहेत.

मुंबईची हद्द १९५०च्या दशकात उत्तरेकडे दहिसरपर्यंत सरकली तेव्हा या बेटाचे दोन तुकडे झाले. मनोरी-गोराई बृहन्मुंबईत गेली, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ठाणे जिल्ह्यात राहिली. नातीगोती, लग्नं, मासेमारी सगळं एक, पण सरकारी कागद दोन ठिकाणचे. उत्तनला त्यानंतर ग्रामपंचायत होती. १९८५ मध्ये भाईंदर-मीरा बाजूच्या पाच ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली, तेव्हा किनारा बाहेरच होता. १९९० मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वर्सावे या ग्रामपंचायतीही त्यात घातल्या. २००२ मध्ये त्याच नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

या १९९०च्या निर्णयावर अजूनही दोन मतं आहेत. गावं नगरपालिकेत घ्यावीत म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की पाणी, रस्ते, दिवाबत्ती एवढ्या मोठ्या वस्तीला पंचायतीच्या पैशात झेपणार नव्हतं, आणि ते चुकीचं नाहीच. पण कोळीवाड्याच्या बाजूने बघितलं तर हिशोब वेगळा दिसतो. सरपंच गावातला असायचा. सभागृहात बहुसंख्य नगरसेवक रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या इमारतींचे आले की बंदरावरची जेटी, मासळी सुकवायची जागा, होड्या ओढून ठेवायची वाळू हे विषय यादीत खाली जाणारच. वरून शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर यायला लागला, तिथे आग लागते, धूर खाली वस्तीत येतो. शहराला आमची जागा हवी, आम्ही नकोत, असं म्हणणारे लोक तुम्हाला इथे सहज भेटतील.

हद्दीचा फटका कुठे बसतो त्याचं एक उदाहरण, जे फार लोकांच्या लक्षात येत नाही. किनारा नियमन क्षेत्राचा म्हणजे सीआरझेडचा पहिला नियम १९९१चा. २०११ मध्ये तो बदलला तेव्हा कोळीवाड्यांसाठी खास कलम आलं: १९८१च्या विकास आराखड्यात किंवा सरकारी नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखायचे आणि तिथे घर बांधायला, दुरुस्त करायला स्थानिक नियमांप्रमाणे वाट मोकळी करायची. पण २०११च्या नियमातलं हे कलम फक्त बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरतं होतं. म्हणजे मनोरीच्या कोळ्याला ते लागू होतं आणि त्याच बेटावर, त्याच समुद्राला तोंड करून राहणाऱ्या उत्तनच्या कोळ्याला नव्हतं. त्यात गावठाण आणि कोळीवाडा हे दोन शब्द लोक एकच समजून वापरतात. गावठाण म्हणजे महसूल खात्याने आखलेली गावाची वस्तीची जागा. कोळीवाडा त्या रेषेत मावतोच असं नाही, घरं वाळूकडे सरकलेली असतात, मासळी वाळवायची जागा पिढ्यान्पिढ्या वापरात असते पण सातबाऱ्यावर भलतंच काहीतरी असतं. मोजणी करायला माणूस आला की भांडण सुरू होतं ते इथून.

समुद्रातसुद्धा हद्दीचा वाद आहेच. डोल जाळं, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, बांधायला तळाशी जो खुंट ठोकतात त्याला कव म्हणतात. उत्तन, वसई, मढच्या लोकांच्या कवी उत्तरेकडे सरकत गेल्या म्हणून पालघर-डहाणूच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे, की आमच्या दारासमोर तुमचे खुंट आणि त्यात आमची जाळी फाटतात. इथे उत्तनवाले काही अगदी साधेभोळे नाहीत, हेही सांगायला पाहिजे.

अलीकडचं तर सगळ्यांना माहीत आहे. आधी मनोरी-गोराई-उत्तनला पर्यटनपट्टा करायचा आराखडा आला आणि गावांनी विरोध केला. मग दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रो ९ची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायचा डेपो. ती आधी राई-मुर्धे-मोर्वाला होणार होती, तिथल्या शेतकऱ्यांनी हाणून पाडली म्हणून डोंगरीला सरकवली, आणि तिथे साधारण १२,४०० झाडं तोडायचा विषय निघाल्यावर डोंगरीकर उभे राहिले. आता उत्तन-विरार सागरी सेतूचं चाललंय. त्याचे खांब ज्या पाण्यात उभे राहणार तिथेच डोल जाळी लागतात.