बॅगाटेल आणि पिनबॉल : फरक नेमका कशात?

उतरती फळी, त्यावर ठोकलेले खिळे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की छर्रा वर जातो आणि खिळ्यांवर आपटत खाली येतो. हे वर्णन मुलं सुट्टीत खेळतात त्या बॅगाटेललाही लागू पडतं आणि पिनबॉललाही. त्यामुळे वीज जोडलेलं, दिवे लावलेलं बॅगाटेल म्हणजे पिनबॉल, असा समज सहज होतो. नातं खरंच आहे, पण विजेची खूण फसवी आहे.

बॅगाटेल मूळचं फ्रान्समधलं. आधी त्यात बिलियर्डसारखी काठी असे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 मध्ये स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं आणि काठी गेली. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' हे यंत्र काढलं. किंमत साडेसतरा डॉलर, आकार दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढा, एक सेंट टाकला की खेळ सुरू. ऐन मंदीत ते धडाधड खपलं. त्यात विजेची एकही तार नव्हती. छर्रे कुठल्या खळग्यात पडले ते बघून गुणांची बेरीज खेळणाऱ्यानेच करायची.

वीज आली 1933 मध्ये, हॅरी विल्यम्स यांच्या 'काँटॅक्ट'मध्ये. खळग्यात पडलेला छर्रा विजेच्या झटक्याने पुन्हा बाहेर फेकला जाई. पुढच्या काही वर्षांत बंपर, म्हणजे छर्रा आदळावा म्हणून लावलेले खांब, आले, दिवे आले, गुण आपोआप मोजले जाऊ लागले. यंत्र पार बदललं, खेळणाऱ्याचं काम मात्र होतं तेवढंच राहिलं: दट्ट्या सोडायचा आणि बघत बसायचं. फार तर यंत्राला कमरेने धक्का द्यायचा. तो फार जोराचा झाला की 'टिल्ट' लागून खेळ बंद. ही युक्तीही विल्यम्स यांचीच. म्हणून 1940 चं झगमगतं यंत्र मी पिनबॉलपेक्षा बॅगाटेलच्याच पंक्तीत बसवेन.

कायद्यानेही त्याकडे नशिबाचा खेळ म्हणूनच पाहिलं. बऱ्याच ठिकाणी जिंकणाऱ्याला पैसे मिळत, म्हणजे सरळ जुगारच. 1942 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी बंदी आणली आणि जप्त केलेली यंत्रं हातोड्याने फोडतानाचे फोटोही काढून घेतले.

फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की छर्रा वर फटकावणारा छोटा दांडा, आला त्यानंतर, 1947 मध्ये. गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्स यांनी विजेवर हलणारे सहा फ्लिपर बसवले. आजच्या यंत्राची सवय असलेल्याला ते विचित्रच वाटतील: तीन डावीकडे, तीन उजवीकडे, तोंडं बाहेरच्या बाजूला आणि जोर बेताचा. तळातून एका फटक्यात छर्रा वरपर्यंत पोचवणं कठीण. तो एका जोडीकडून वरच्या जोडीकडे सरकवत न्यावा लागे. तरी खाली येणारा छर्रा खेळणाऱ्याने परत वर पाठवायचा, ही गोष्ट नवी होती. जेनको कंपनीच्या स्टीव्ह कोर्डेक यांनी 1948 च्या 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये सहाऐवजी दोनच फ्लिपर ठेवले, तेही तळाशी, आणि त्यांना डीसी वीजपुरवठ्याचा जोर दिला. 1950 च्या 'स्पॉट बोलर'मध्ये दोन्ही फ्लिपरची टोकं आत वळली. विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉल खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर आता जे येईल, ते हेच.

वेळ साधायची, नेम धरायचा, छर्रा फ्लिपरवर अडवून ठेवायचा, हे सगळं यानंतरचं. बॅगाटेलमध्ये एक छर्रा म्हणजे एकच डाव. पिनबॉलमध्ये तो छर्रा किती वेळ जिवंत ठेवायचा हे बऱ्याच अंशी आपल्या बोटांवर.

न्यूयॉर्कमधली बंदी मात्र फ्लिपर आल्यावरही 1976 पर्यंत टिकली. त्या वर्षी पिनबॉलवर लिहिणारे पत्रकार रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीपुढे पिनबॉल खेळून दाखवला. फ्लिपरची करामत दाखवून झाल्यावर त्यांनी छर्रा वरच्या मधल्या मार्गातूनच जाईल असं आधी जाहीर केलं, आणि तो तसाच गेला. बंदी उठली. गंमत म्हणजे हा शेवटचा नेम त्यांनी फ्लिपरने साधलाच नव्हता. त्यांनी फक्त दट्ट्या ओढून सोडला होता.