लोकल दिसते, तिचा वेग दिसत नाही

रूळ ओलांडताना कुणी लोकलखाली आलं की फलाटावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘एवढी मोठी गाडी दिसली नाही का त्याला?’ बहुतेकदा ती दिसलेली असते. दिसत नाही तो तिचा वेग. आणि गाडी मोठी असते म्हणूनच तो नीट कळत नाही.

विमानतळाजवळ उभं राहून पाहा. अवाढव्य विमान तरंगत उतरल्यासारखं वाटतं, छोटं विमान झपकन खाली येतं. प्रत्यक्षात मोठं विमान हळू नसतं. हर्षेल लिबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली हाच दृष्टिभ्रम रेल्वे फाटकांवरच्या अपघातांशी जोडला. वस्तू जितकी मोठी, तितकी ती संथ भासते.

यात भूमितीही भर घालते. रुळांवर उभ्या माणसाकडे गाडी सरळ येते, डावी-उजवीकडे सरकत नाही. त्यामुळे मेंदूकडे वेग ओळखायची मुख्य खूण एकच उरते : गाडीचा आकार डोळ्यात किती झपाट्याने वाढतो. मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. या वेगाने येणाऱ्या गाडीची डोळ्यातली रुंदी ३०० मीटरवर सेकंदाला जेमतेम एक विसांश अंशाने वाढते, १०० मीटरवर अर्ध्या अंशाने आणि ५० मीटरवर जवळपास दोन अंशांनी. म्हणजे ३०० मीटरपासून १०० मीटरपर्यंतची नऊ सेकंदं गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. ती एकदम अंगावर येते तेव्हा हातात चार-साडेचार सेकंद उरलेले असतात. खडीवरून, हातात डबा नि खांद्यावर पिशवी घेऊन रुळांची एक जोडी ओलांडायलाच तीन-चार सेकंद लागतात. पाय अडखळला तर संपलंच.

मग मोटरमनने थांबवायला नको का? पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड फार कमी असते. त्याच रचनेमुळे इतकी जड गाडी थोड्या विजेत धावते आणि त्याच रचनेमुळे ती लवकर थांबत नाही. ८० च्या वेगात आणीबाणीचा ब्रेक मारला तरी गाडी सुमारे ३०० मीटर जाते, बारा डब्यांच्या लोकलच्या स्वतःच्या लांबीहूनही जास्त. मोटारीसारखं वळवता येत नाही. समोर माणूस दिसतोय, ब्रेक लावलाय, भोंगा वाजतोय आणि पुढे काय होणार हे काही सेकंद आधीच कळलंय, ही मोटरमनची अवस्था आहे. त्याच्यावर दोष ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे दोष मेलेल्याचा, प्रकरण संपलं. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीने मात्र २०१२ साली ते तिथे संपू दिलं नाही. रूळ ओलांडण्यात देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात आणि त्यांतली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असं त्यांच्या अहवालात आहे. अहवालाने यासाठी ‘नरसंहार’ या अर्थाचा शब्द वापरला. सरकारी कागदात असा शब्द सहज येत नाही.

हजारो माणसं तीच चूक करत असतील, तर ती एकेकट्याच्या बेपर्वाईने पुरती समजत नाही. या अहवालाच्या थोडं आधी, २०१० च्या सुमारास, वडाळ्याला ‘फायनल माइल’ या मुंबईच्या संस्थेने याच विचाराने एक प्रयोग केला. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, एकाआड एक गटांनी पिवळे रंगवले. गाडी येताना पट्टे तिच्याखाली भराभर नाहीसे होतात आणि डोळ्याला वेग मोजायला फूटपट्टी मिळते. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे दिले, कारण मधली शांतता लक्ष खेचून घेते. आणि गाडी अंगावर येतानाचा एका माणसाचा भेदरलेला चेहरा दाखवणारे फलक लावले. मृत्यू बरेच घटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. रंग नि भोंगा, एवढ्या साहित्याने हे होत असेल, तर प्रत्येक धोक्याच्या जागी ते करून पाहायला हवं होतं.

पूल असताना लोक रुळांवर का उतरतात, याचंही उत्तर नुसती बेपर्वाई नाही. रुळांवर २५,००० व्होल्टची तार असते, म्हणून पादचारी पूल तिच्या वरून न्यावा लागतो, म्हणजे जवळपास दोन मजले चढून पुन्हा उतरणं. गुडघे दुखणाऱ्या बाईला, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीला हे रोज दोनदा जमत नाही. शिवाय पूल पुरेसा रुंद नसला तर काय होतं, ते २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीत दिसलं. वीसहून जास्त माणसं पुलाच्या जिन्यावर मेली. रुळांवर न उतरता, नियम पाळून.

रेल्वेच्या भिंतीला कुठे भगदाड पडलंय आणि तिथून खडीवर पायवाट उमटलीय, ते पाहत चला. ती एका माणसाच्या चालण्याने उमटत नाही. पूल किंवा भुयारी मार्ग नेमका कुठे हवा, याचा नकाशा लोकांनी पायांनी काढून ठेवलेला आहे.