ऑर्किडच्या फुलांतील गंधग्रंथी

गंधग्रंथी म्हणजे फुलाच्या ठरावीक भागात एकवटलेले, गंधद्रव्ये तयार करून ती हवेत सोडणारे ऊतक. वनस्पतिशास्त्रात त्याला ऑस्मोफोर म्हणतात. गुलाबाची पाकळी कुठूनही हुंगली तरी सुगंध येतो, कारण तिथे गंध पाकळीभर पसरलेल्या बाह्यत्वचेतून सुटतो. बऱ्याच ऑर्किडमध्ये मात्र त्याची जागा नेमून दिलेली असते. कुठे ती ओष्ठाच्या, म्हणजे ओठासारख्या वेगळ्या पाकळीच्या, तळाशी असते, कुठे निदलाच्या शेपटीसारख्या टोकावर, तर कुठे ओष्ठावरच्या एखाद्या गाठीवर. ही जागा का महत्त्वाची, ते समजले की ऑर्किडचे परागण बरेचसे उलगडते.

ऑर्किडच्या फुलात तीन निदले आणि तीन पाकळ्या असतात. त्यांपैकी एक पाकळी वेगळ्या घडणीची असते, तीच ओष्ठ. पुंकेसर आणि कुक्षी एकत्र येऊन मध्ये एक स्तंभ बनतो. पराग सुटे नसतात, ते परागपुंजात बांधलेले असतात. एका फुलाचे जवळजवळ सगळे पराग एका खेपेत एकाच कीटकाच्या अंगावर चिकटून जातात. तो कीटक दुसऱ्याच जातीच्या फुलावर गेला, तर सगळे भांडवल बुडाले. म्हणूनच योग्य कीटक यावा, आणि आल्यावर त्याची पाठ किंवा डोके नेमके स्तंभाखाली यावे, या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतात. पहिली गोष्ट गंधाच्या घटकांनी साधते, दुसरी गंधग्रंथीच्या जागेने.

रचना आणि शोध

‘ऑस्मोफोर’ हा शब्द इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्कांजेली यांनी १८८३ मध्ये सुरणाच्या कुळातील वनस्पतींच्या संदर्भात वापरला. या ऊतकाचा सविस्तर अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ श्टेफान फोगल यांनी केला आणि तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यांची एक पद्धत आजही वापरात आहे. ताजे फूल न्यूट्रल रेड या रंगाच्या सौम्य द्रावणात ठेवले, तर गंधग्रंथीचा भाग गडद लाल होतो आणि बाकीचे फूल फिके राहते. हा रंग इतर काही स्रावी पेशींनाही लागतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून चालत नाही. फुलाचे भाग कापून वेगवेगळ्या बंद कुप्यांत ठेवायचे आणि थोड्या वेळाने एकेक कुपी हुंगायची, ही साधी परीक्षाही म्हणूनच केली जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली गंधग्रंथीत बाह्यत्वचेच्या पेशी आणि त्यांच्याखालचे मृदूतकाचे काही थर दिसतात. बाह्यत्वचेवर बऱ्याचदा छोटे उंचवटे किंवा केस असतात, त्यामुळे बाष्प सुटायला जास्त पृष्ठभाग मिळतो. पेशींत जीवद्रव्य दाट, केंद्रक मोठे आणि तंतुकणिका भरपूर असतात. कळीच्या अवस्थेत त्या स्टार्चच्या कणांनी भरलेल्या असतात. फूल उमलून गंध सुटू लागला की हा साठा झपाट्याने कमी होतो. गंध बनवणे हे खर्चाचे काम आहे आणि त्याची तरतूद झाड आधीच करून ठेवते. रेस्ट्रेपिया या मध्य व दक्षिण अमेरिकेतील ऑर्किडमध्ये वरच्या निदलाची व पाकळ्यांची टोके कीटकाच्या मिशांसारखी बारीक, गाठीदार असतात आणि गंधग्रंथी नेमकी तिथे असते. १९८३ मध्ये प्रिजन आणि स्टर्न यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिची रचना दाखवली.

गंधद्रव्ये मुख्यतः टर्पिनॉइडे, बेंझिनॉइडे आणि मेदाम्लांपासून बनणारी संयुगे असतात. त्यांतली कित्येक आपल्या परिचयाची आहेत. धन्यातले लिनॅलूल, लवंगेतले यूजेनॉल, निलगिरीतले सिनिओल, सांधेदुखीच्या मलमाला तो ओळखीचा वास देणारे मिथिल सॅलिसिलेट, ही सगळी कुठल्या ना कुठल्या ऑर्किडमध्ये सापडतात.

अत्तर गोळा करणारे नर

उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील स्टॅनहोपिया, गोंगोरा, कोरिअँथिस, कॅटासेटम या ऑर्किडांत मकरंद नसतो. तरीही मधमाश्यांच्या नात्यातल्या यूग्लोसिनी गटातले चमकदार हिरवे-निळे नर त्यांच्याकडे धाव घेतात, आणि नरच येतात, माद्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात हे नर ओष्ठ कुरतडून खातात असे समजले जाई. खरा प्रकार फोगल यांनी १९६०च्या दशकात उलगडला. हे नर गंधच गोळा करत असतात. नर गंधग्रंथीवर आपल्या डोक्यातील ग्रंथींचा स्निग्ध स्राव सोडतो, त्यात गंधद्रव्य विरघळते. मग पुढच्या पायांच्या कुंच्यांनी तो ते टिपतो आणि हवेत तरंगत मागच्या पायांच्या फुगीर पोकळ्यांत साठवतो. फुले स्निग्ध पदार्थात मुरवून त्यांचा वास काढायचा, हे फुलेल तेलामागचे तत्त्व या माश्या आपल्या कितीतरी आधीपासून वापरत आहेत. वेगवेगळ्या फुलांतून आणि इतर ठिकाणांहूनही जमवलेले हे मिश्रण नर प्रणयाराधनाच्या वेळी हवेत उधळतो.

स्टॅनहोपियाचे फूल खाली लटकते. गंधग्रंथी ओष्ठाच्या बुडाशी असलेल्या पिशवीसारख्या भागात असते. तिथे खरवडणाऱ्या माशीचे पाय गुळगुळीत पृष्ठभागावरून निसटतात, ती ओष्ठ आणि स्तंभ यांच्यामधल्या फटीतून खाली घसरते आणि जाताना परागपुंज तिच्या पाठीला चिकटतात. कोरिअँथिसमध्ये ओष्ठाची बादली झालेली असते आणि स्तंभाच्या तळाशी असलेल्या ग्रंथींतून ठिबकणारा द्रव तिच्यात साचतो. गंध टिपता टिपता घसरलेला नर त्यात पडतो. पंख भिजल्यामुळे त्याला उडता येत नाही. बाहेर पडायला एक अरुंद बोगदा तेवढा असतो आणि त्याचे छत म्हणजे स्तंभाचे टोक. गंधग्रंथी दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे सरकली असती, तर यातले काहीच जमले नसते.

फळमाशी आणि आंब्याच्या बागा

आग्नेय आशियातील बल्बोफायलम चेइरी हे ऑर्किड मिथिल यूजेनॉल सोडते आणि त्यामुळे नर फळमाश्या येतात. माशी ओष्ठावर बसून ते चाटू लागते. ओष्ठ बिजागरीवर हलणारा असतो. माशीचा तोल बदलताच तो उलटतो आणि माशी स्तंभावर आदळते. पोटात गेलेल्या मिथिल यूजेनॉलपासून नर आपला कामगंध, म्हणजे मादीला बोलावणारा गंध, बनवतो, म्हणजे इथे फसवणूक नाही, मोबदला मिळतो. बल्बोफायलम पेटन्स हीच गोष्ट झिंजेरोनच्या, म्हणजे आल्यात आढळणाऱ्या द्रव्याच्या मदतीने साधते. कोकणातल्या आंबा बागायतदारांना मिथिल यूजेनॉल चांगलेच ठाऊक आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘रक्षक’ सापळ्यात फळमाशीच्या नरांसाठी हेच आमिष ठेवतात. तुळशीतही ते असते.

मादीच्या गंधाची नक्कल

भूमध्य समुद्राभोवतालच्या ओफ्रिस प्रजातीत ना मकरंद आहे, ना अत्तर. तिचा ओष्ठ मादी माशीसारखा दिसतो आणि नर त्याच्याशी समागमाचा प्रयत्न करतो. अल्जीरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांची ही निरीक्षणे १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन यांनी १९२७ मध्ये क्रिप्टोस्टायलिस या ऑर्किडमध्ये असाच प्रकार नोंदवला, तिथे फसणारी एक गांधीलमाशी होती. ही नक्कल डोळ्यांपेक्षा वासाची जास्त आहे, हे रसायनशास्त्राने दाखवले. १९९९ मध्ये शीस्टल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ओफ्रिस स्फेगोडीसच्या ओष्ठावरील अल्केन व अल्कीन संयुगे अँड्रीना प्रजातीच्या मादी माशीच्या कामगंधाशी जुळतात, प्रमाणासकट. ही द्रव्ये तशी साधीच, कितीतरी वनस्पतींच्या मेणचट थरात आढळणारी आहेत. संदेश त्यांच्या प्रमाणात दडलेला आहे.

ऑस्ट्रेलियातील काइलोग्लॉटिसने दुसरा मार्ग धरला. तिच्या ओष्ठावरच्या काळपट गाठींतून काइलोग्लॉटोन नावाचे एकच विशेष संयुग सुटते. ते २००३ मध्ये ओळखले गेले. या ऑर्किडकडे येणाऱ्या गांधीलमाश्यांची मादी बिनपंखी असते. ती गवताच्या टोकावर चढून कामगंध सोडते आणि नर तिला उचलून नेतो. त्यामुळे जमिनीलगत, दांड्याच्या टोकाला, योग्य वास असलेली काळपट गाठ दिसली की नर झेपावतो.

चीनच्या हैनान बेटावरचे डेंड्रोबियम सायनेन्स आणखी वेगळे. ते मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यातले एक द्रव्य सोडते आणि मधमाश्यांची शिकार करणारी गांधीलमाशी त्याकडे झेपावते.

वेळ

गंधग्रंथी सतत चालू नसते. मादागास्करच्या अँग्रेकम सेस्क्विपेडाली या ऑर्किडची शुंडिका, म्हणजे फुलामागची मकरंदाची नळी, सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते. डार्विन यांनी १८६२ मध्ये तेवढ्याच लांब सोंडेच्या पतंगाचे भाकीत केले होते आणि त्या पतंगाचे वर्णन १९०३ मध्ये झाले. या फुलाचा गंध रात्री दरवळतो. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात उमलणाऱ्या हबे आमरीची पांढरी फुले आणि लांब शुंडिकाही निशाचर पतंगांकडेच बोट दाखवतात. अशी फुले दुपारी हुंगून ‘वास नाही’ असे लिहून ठेवणे घाईचे ठरते. ती काळोख पडल्यावर पुन्हा हुंगायला हवीत.

परागण झाल्यावर गंध कमी होतो किंवा बदलतो. ओफ्रिस स्फेगोडीसमध्ये परागण झालेल्या फुलातून फार्नेसिल हेक्झानोएट जास्त सुटू लागते. समागम होऊन गेलेली अँड्रीना मादी नराला दूर ठेवते, ते याच द्रव्याने. नर त्या फुलाला टाळतो आणि त्याच दांड्यावरच्या, अजून परागण न झालेल्या शेजारच्या फुलाकडे वळतो.